'ग्राम्य' म्हणजे कोणाचे? : साहित्यशास्त्रातील काही संज्ञांचा इतिहास

अलंकार, रस, गुण, दोष या संज्ञा आपल्या मुलांना प्रथम भेटतात त्या व्याकरणाच्या तासाला. व्याख्या पाठ करायची, उदाहरणाची ओळ लिहायची आणि दोन गुण मिळवायचे. उपमेय कोणते, उपमान कोणते, साधर्म्य कशात, एवढे ओळखले की काम झाले. ही संज्ञा कोणत्या समाजात घडली, तिच्या पोटात कोणता माणूस गृहीत धरला आहे, हा प्रश्न त्या तासाला कोणी विचारीत नाही. पुढे तीच मुले एम. ए.च्या वर्गात जातात. तिथे रससिद्धान्त त्रिकालाबाधित म्हणून समोर उभा राहतो आणि मग दलित आत्मकथन वाचताना त्यांच्याच मनात शंका येते की, आपल्या माणसाने लिहिलेले हे साहित्य आहे, की नुसतीच हकिकत?

१९७० नंतर दलित साहित्यावर जे आक्षेप आले ते सर्वांना पाठ आहेत. भाषा शिवराळ, अनुभव किळसवाणा, सूर आक्रस्ताळा, कलात्मक अंतर नाही. आक्षेप घेणारे सगळेच जातीयवादी होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांतील अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते की आपण केवळ वाङ्मयीन निकष लावतो आहोत. म्हणूनच त्या निकषांची वंशावळ तपासली पाहिजे.

'ग्राम्यता' या दोषापासून सुरुवात करू. सातव्या शतकाच्या सुमारास झालेला दण्डी 'काव्यादर्शा'त सांगतो की सगळेच अलंकार अर्थात रस ओततात हे खरे, पण हा भार मुख्यतः वाहते ती अग्राम्यता. त्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तरुण मुलीला सरळ म्हणतो की मला तुझी इच्छा आहे, तुला माझी का नाही? हे ग्राम्य. तीच गोष्ट मदनाला मध्ये घालून, त्याच्या निर्दयपणाची तक्रार करीत सांगितली की ती अग्राम्य. म्हणजे येथे दोष आशयाचा नाही, सरळ बोलण्याचा आहे. अकराव्या शतकातील मम्मट 'काव्यप्रकाशा'त ग्राम्य शब्द म्हणून 'कटी' हा शब्द देतो. चौदाव्या शतकातील विश्वनाथही 'साहित्यदर्पणा'त हेच उदाहरण पुढे चालवतो. 'कटी' हा शुद्ध संस्कृत शब्द. त्यात अश्लील काही नाही, व्याकरणाची चूक नाही. मग दोष कशाचा? तर तो साध्या लोकांच्या तोंडी रुळलेला आहे, एवढाच. (ज्या कटीला शास्त्राने गावंढळ ठरवले, तिच्यावरच आमच्या संतांनी विठ्ठलाचे हात पाहिले, हा भाग वेगळा.)

पण शास्त्रकार बुद्धिमान होते. समाजात 'अधम' आहेत, नाटकात त्यांना बोलावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी अपवाद केला : अधम पात्राच्या बोलण्यात ग्राम्यत्व हा दोष नाही, उलट गुण आहे. हा अपवाद नियमापेक्षा अधिक बोलका आहे. शब्द वाईट नाही, त्याची जागा ठरलेली आहे. खालच्या माणसाने खालच्या भाषेत बोलावे, पण काव्याचा जो कर्ता, जो सांगणारा, त्याने त्या भाषेत सांगू नये. नाट्यशास्त्रातील भाषाविधान याच धर्तीचे आहे. राजा, ब्राह्मण, मंत्री संस्कृत बोलतात. बहुतेक स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात. त्याखाली आणखी विभाषांची उतरंड आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाळ येतात ते आपल्या वेगळ्या बोलीसह. त्या बोलीत ते जे बोलतात ते मात्र शास्त्राला पेलणारे नाही. चांडाळकुळात जन्मलो म्हणून आम्ही चांडाळ नव्हे, सज्जनाला छळणारेच चांडाळ, असे ते म्हणतात. साहित्य शास्त्राच्या पुढे जाते ते असे, पण बोली मात्र शास्त्राने नेमून दिलेलीच.

आता दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) घ्या. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस दोघांत वाटलेला आहे. एक शिकून पांढरपेशा झालेला, दुसरा महारवाड्यातला. या रचनेला निवेदनतंत्र म्हणून पुरेसे महत्त्व दिले गेले नाही असे मला वाटते. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे 'अधम' पात्र हेच निवेदक झाले आहे आणि संस्कृत बोलणारा गप्प बसून ऐकतो आहे. दलित लेखकांपूर्वीही मराठी कथा-कादंबरीत बोलीभाषा होती. पण बहुधा ती अवतरणचिन्हांच्या आत होती आणि त्या चिन्हांबाहेर लेखक प्रमाण मराठीत उभा असे. दलित आत्मकथनाने ही चिन्हे पुसली. आक्षेप शिव्यांवर आहे असे वाटले, प्रत्यक्षात तो जागा बदलण्यावर होता.

दुसरी संज्ञा अश्लीलतेची. आज आपण अश्लील म्हणजे कामविषयक एवढेच समजतो. शास्त्रात हा दोष तीन प्रकारचा आहे : लज्जा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल सुचवणारे. तिसऱ्या प्रकाराकडे आपल्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. ज्या शब्दाने मरण सुचते तोही अश्लील. आता गावगाड्यात महाराच्या वाट्याला आलेली कामे आठवा. मेलेले जनावर ओढणे, मर्तिकाचा सांगावा घेऊन परगावी पळणे, सरणाला लाकडे पुरवणे. या माणसाने आपल्या दिवसभराच्या कामाचे नुसते वर्णन केले तरी ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मोडते. त्याचा रोजगारच अश्लील ठरतो! विटाळ आणि काव्यदोष यांची सीमा येथे इतकी जुळते की हा योगायोग मानवत नाही.

जुगुप्सेची तर आणखी एक गंमत आहे. शब्दात ती दोष, पण बीभत्स रसाचा स्थायीभाव म्हणून ती मान्य. या रसाचे ठरलेले उदाहरण मम्मट आणि विश्वनाथ दोघेही एकाच ठिकाणाहून घेतात, भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तील स्मशानातून. प्रेत फाडून, कातडे सोलून मांस खाणारे पिशाच तेथे वर्णिलेले आहे. पंडितांनी शतकानुशतके या श्लोकाला माना डोलावल्या. मात्र पड ओढून नेणे, ते सोलणे, त्याचे वाटे घालणे हे माणसाने, भुकेपोटी आणि गावाच्या सक्तीने केले, आणि ते त्याच्या मुलाने शिकून लिहिले, तेव्हा रसिकांनी नाकाला पदर लावला. पिशाचाने केले तर रस, महाराने केले तर किळस! फरक काय? पिशाचाचे कातडे सोलणे वाचकाला कोणताही जाब विचारीत नाही. माणसाचे विचारते : हे काम त्याच्यावर कोणी लादले?

तिसरी संज्ञा आपण रोज वापरतो आणि तिचा मूळ अर्थ विसरलो आहोत. 'रसाभास'. सभेत कोणी भलतेच बोलले की आपण म्हणतो, रसाभास झाला. शास्त्रातील रसाभास म्हणजे अनुचित ठिकाणी उत्पन्न झालेला भाव. तो रस नव्हे, रसाची नक्कल. अनुचित ठिकाणे कोणती याची यादी 'साहित्यदर्पणा'त आहे. परपुरुषाविषयीची रती, गुरुपत्नीविषयीची रती यांच्या पंगतीत विश्वनाथ 'अधम पात्र' आणि पशुपक्षी यांना बसवतो. खालच्या माणसाचे प्रेम हा शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास. वीररसाचेही तसेच. अधम पात्राचा उत्साह हा वीराभास. मात्र उत्तम पात्राला भय वाटले तर तो भयानकाचा आभास, कारण भ्यायचे ते खालच्यांनी. महाकाव्याचा नायक देव असावा, नाहीतर उच्च कुळातील क्षत्रिय, हा दंडक याच ग्रंथात आहे. तेव्हा महाडचा १९२७ चा सत्याग्रही या शास्त्राला कोठे बसवता येईल? ओंजळभर पाण्यासाठी मार खाणारा माणूस वीर नव्हे, वीराची नक्कल, असेच ते शास्त्र म्हणेल.

येथे कोणी म्हणेल की हे जुने झाले, आता 'अधम पात्र' कोण मानतो? वर्गात तर यातले काहीच शिकवत नाहीत. माझी तक्रार तीच आहे. नऊ रस शिकवतात, त्यांचे अधिकारी कोण ते शिकवत नाहीत. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे की शूद्रांना वेद ऐकवता येत नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद. हे अभिमानाने सांगतात. त्याच ग्रंथाच्या शेवटी भरतपुत्रांनी ऋषींची टिंगल केली म्हणून त्यांना शूद्र होण्याचा शाप मिळतो, हे सांगत नाहीत. ज्यांच्यासाठी नाटक, त्यांना वेद नाही आणि जे नाटक करतात ते शूद्र. तमाशाच्या फडाला हे नवे नाही.

आपल्या बाजूने या साधनांचे काय झाले तेही पाहू. 'जोहार' हा महाराचा गावापुढे वाकण्याचा नमस्कार. चोखोबांनी त्याचे अभंग केले, एकनाथांनीही केले. दोघांच्याही रचनेत वेसकर महार 'मायबाप' म्हणत बोलतो. दोन्हींना आपण रूपक म्हणतो आणि पुढे जातो. पण रूपकात उपमान कोठून आणले हे पाहिले पाहिजे. नाथांना अध्यात्म सांगायचे आहे, त्यासाठी महाराचे वतन हे सोयीचे उपमान आहे. नाथांच्या करुणेविषयी मला शंका नाही. पण जोहार संपला की ते आपल्या वाड्यात परततात. चोखोबांना परतायला दुसरे घर नाही. त्यांचे उपमान हेच त्यांचे जगणे आहे. अलंकार एकच, पण बोलणारा बदलला की त्याचे वजन बदलते. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत जोहार गेला, 'जय भीम' आला आणि ते उपमानच गावाच्या हातून सुटले.

जोतीरावांनी संस्कृत नाटकातला विदूषक उचलला. हा विदूषक मुळात ब्राह्मण, खादाड, राजाचा मित्र. 'तृतीय रत्न' (१८५५) नाटकात जोतीरावांचा विदूषक भिक्षुकाच्या लबाडीचा उलगडा करीत फिरतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. सत्यशोधक जलशांनी तमाशातला गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पती असा अर्थ लावला. नाव तेच ठेवून अर्थ फिरवणे याला श्लेष म्हणतात. परीक्षेत श्लेषाचे उदाहरण म्हणून हे लिहिले तर गुण मिळतील की नाही, शिक्षक मित्रांनीच सांगावे.

आणि 'सहृदय'? अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो. व्याख्या सुंदर आहे. तिच्यात अभ्यासाची संधी कोणाला, हे मात्र गृहीत आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) हा आरसा उलटा धरला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाच त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ ठाऊक नव्हते आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले. येथे अभ्यास कमी पडला तो रसिकाचा. आमच्या कितीतरी समीक्षकांना एवढा प्रांजळपणा साधला नाही.

शास्त्रात आपल्याला वापरण्याजोगे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. 'स्वभावोक्ती' घ्या. वस्तू जशी आहे तशी डोळ्यांपुढे उभी करणे. भामह तिच्याविषयी थंड आहे. 'काही जण' तिला अलंकार म्हणतात, इतकेच तो नोंदवतो. वक्रोक्तीशिवाय त्याला अलंकार सुचत नाही. दण्डी मात्र तिला पहिला अलंकार मानतो. अग्राम्यतेचा आग्रह धरणाऱ्या याच दण्डीने हे लिहिले आहे. तिचे दुसरे नाव तो देतो ते 'जाती'! तेथे अर्थ प्रकार, जातकुळी असा आहे, तरी हसू येते. दलित आत्मकथनांत अलंकार नाहीत, नुसता अनुभव आहे, असे म्हणणाऱ्यांना स्वभावोक्तीचे स्मरण द्यायला हरकत नाही. भाकरीचे तुकडे मोजणारी आई जशी आहे तशी लिहिणे हे चंद्रमुखी नायिका लिहिण्यापेक्षा कठीण आहे.

एक संज्ञा मात्र आपल्यावरच लागू करायची राहिली आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त 'कविसमय' सांगितले : जे शास्त्रात नाही, लोकात नाही, पण कवी परंपरेने लिहीत आले. चकोर चांदणे पितो, कीर्ती पांढरी असते. बाबासाहेबांसाठी सूर्याचे प्रतीक आपल्या कवितेत प्रथम आले तेव्हा त्यात शतकांचा काळोख भोगलेल्यांचे डोळे होते. आज एप्रिलच्या आणि डिसेंबरच्या विशेषांकांत तोच सूर्य पानापानावर उगवतो, त्याच शब्दांत, त्याच यमकावर, आणि काळोख कोणता, हे कवितेत कोठेच सांगितलेले नसते. राजशेखर आज असता तर चकोराच्या खाली त्याने हा सूर्यही नोंदवला असता.