पोटगी देऊ करणारी सावित्री

तमिळ बोलपटाचा आरंभ १९३१ सालच्या ‘कालिदास’पासून मानला जातो. पुढची काही वर्षे हा बोलपट प्रामुख्याने पुराणकथा आणि संगीत नाटके यांच्या आधारावर उभा होता. त्याला समकालीन समाजाकडे वळवणाऱ्यांत के. सुब्रह्मण्यम यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मूळचे वकील असलेल्या या दिग्दर्शकाने ‘बालयोगिनी’त (१९३७) विधवांचा आणि जातिभेदाचा, तर प्रेमचंदांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘सेवासदनम्’मध्ये (१९३८) विजोड विवाहाचा प्रश्न मांडला. मराठी प्रेक्षक ‘कुंकू’ पाहत होता, तोच हा काळ.

या मालिकेतील सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे ‘त्यागभूमी’ (१९३९). कल्की कृष्णमूर्ती यांची ही कथा ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात चित्रपटातील छायाचित्रांसह क्रमशः प्रसिद्ध झाली. गावचे पुजारी शंभू शास्त्री वादळात हरिजनांना आसरा देतात आणि त्यापायी बहिष्कार ओढवून घेतात. ही भूमिका संगीतरचनाकार पापनाशम शिवन यांनी केली होती. चित्रपट मे महिन्यात झळकला आणि जुलैत मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात प्रत्यक्ष हरिजनप्रवेश झाला. कलाकृती आणि समाज इतक्या जवळून चालल्याची उदाहरणे विरळाच.

तथापि चित्रपटाचा खरा धारदार प्रसंग मंदिरात नाही, न्यायालयात आहे. नवऱ्याने हाकलून दिलेली शास्त्रीबुवांची कन्या सावित्री पुढे वारशाने श्रीमंत होते. तेव्हा तोच नवरा तिने नांदायला यावे म्हणून दावा लावतो. ती नकार देते आणि उलट त्यालाच पोटगी देण्याची तयारी दाखवते. पुराणातील सावित्रीने यमाकडून पती परत मागितला; ही सावित्री पतीपासून सुटका मागते.

मराठी वाचकाला येथे रखमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर असाच दावा गुदरला होता. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निवाडा १८८७ साली झाला. अर्धशतकानंतरही तोच दावा तमिळ पडद्यावर उभा राहतो, तेव्हा प्रश्न सुटलेला नव्हता हे उघड होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही नवव्या कलमाने त्याला जागा दिलीच.

ऑक्टोबर १९३९ मध्ये मद्रासच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४० मध्ये सरकारने ‘त्यागभूमी’वर बंदी घातली. सरकारला काँग्रेसचा प्रचार खुपला होता. सावित्रीचा प्रश्न नव्हे. खंत अशी की, चित्रपटाचा शेवटही तिच्या प्रश्नाला न्याय देत नाही. ती राष्ट्रीय चळवळीत उतरते, आणि तिचा नकार त्यागाच्या व्यापक आदर्शात विरघळून जातो. हरिजनांच्या वाट्यालाही हक्क येत नाही, येते ती पुजाऱ्याची करुणा.

या करुणेला द्राविड चळवळीच्या लेखकांनी पुढे उघड आव्हान दिले. अण्णादुराईंच्या ‘वेलैक्कारी’त (१९४९) आणि करुणानिधींच्या ‘पराशक्ती’त (१९५२) मंदिर, पुरोहित आणि धनिक हेच आरोपी झाले. ‘त्यागभूमी’त सुधारणा उच्चवर्णीय अंतःकरणाच्या परिवर्तनावर विसंबून आहे. एकटी सावित्री तेवढी कोणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत नाही. इतिहासाने या चित्रपटाची बंदी लक्षात ठेवली. तिचा नकार लक्षात ठेवणे हे आपले काम आहे.