चैत्रगौरीची आरास : माळव्यातील एक नोंद न झालेले कलाप्रदर्शन

माळव्यातील मराठी समाजाच्या कलाप्रेमाचा विषय निघाला, की आपल्या तोंडी काही ठरावीक नावे येतात. १९२७ मध्ये इंदूरला कलाशाळा उभी करणारे दत्तात्रय दामोदर देवळालीकर आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले ना. श्री. बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडवणारे आणि पुढे धारला कायमचे स्थायिक झालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके. १९४८ मध्ये आजारी अवस्थेत देवासला आलेले आणि तेथेच आयुष्य काढलेले कुमार गंधर्व. या नावांचा अभिमान आपण बाळगावा, हे योग्यच आहे. परंतु या सर्वांच्या कितीतरी आधीपासून दर उन्हाळ्यात आपल्या घराघरांतून एक प्रदर्शन भरत आले आहे. त्याची सूची कोणी छापली नाही, की त्यातील कलावंतांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. ते प्रदर्शन म्हणजे चैत्रगौरीची आरास.

आपण येथे कसे आलो, हे वाचकांस ठाऊकच आहे. १७२८ च्या अखेरीस अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार मारला आणि या प्रांताची दारे मराठ्यांना उघडी झाली. पवारांची धार आणि दोन शाखांचे देवास, होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे उज्जैन अशी सत्तास्थाने स्थिरावली. बागली त्यांत मोडत नव्हती. ती रजपूत ठाकुरांची जहागीर. तिच्याजवळच्या डोंगरांत कालीसिंध उगम पावते आणि दक्षिणेकडे विंध्याचा उतार नर्मदेपर्यंत, म्हणजे निमाडच्या सीमेपर्यंत जातो. अशा आडबाजूच्या गावांत जी मोजकी मराठी घरे वसली, त्यांच्याभोवती राजवाड्याचा थाट नव्हता. शेजार होता तो रजपूत, माळवी आणि निमाडी कुटुंबांचा. त्यामुळे तेथील बायकांनी देशावरून आणलेला आचार या शेजारात कसा रुजवला, हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते.

चैत्र शुद्ध तृतीयेला देवघरातील अन्नपूर्णा अथवा गौर लहानशा पितळी झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, माहेरपण भोगते. अंगणात चैत्रांगण रेखाटले जाते : सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गोपद्मे, कासव, नाग, तुळशीवृंदावन, करंडा, फणी. मध्यंतरी एखाद्या दिवशी हळदीकुंकू होते. कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे दिले जातात, आणि त्या दिवशी आरास मांडली जाते. पाट आणि डबे रचून पायऱ्या करायच्या, त्यांवर ठेवणीतले लुगडे अंथरायचे. टरबूज कोरून कमळ, काकडीची होडी. मण्यांचे पोपट, क्रोशाचे रुमाल, चिंध्यांच्या बाहुल्या, मातीची फळे. आणि सर्वांत खाली ठरलेली एक गोष्ट : आरशाचे तळे.

आरसा जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या कडा वाळूने झाकीत. काठाला आठवडाभर आधी परातीत पेरलेल्या अळिवाची हिरवळ लावीत. काठावर काड्यापेट्यांची घरे, एक देऊळ, पाणी भरणाऱ्या बायका, आणि आरशावर कागदी बदके. आमच्या लहानपणी हे तळे पाहताना आम्हांला ते कोणत्या गावचे, असा प्रश्न कधी पडला नाही. आज वाटते, ते सह्याद्रीच्या पायथ्याचे नव्हतेच. देवासचा मीठा तलाव, परमार राजाचे नाव मिरवणारा धारचा मुंज तलाव, किंवा खेड्यातले कोणतेही नाव नसलेले, चैत्रात निम्मे आटलेले तळे. बायका जे रोज पाहत होत्या, तेच त्यांनी मांडले. ज्या ऋतूत बाहेरचे पाणी आटत जाते, त्याच ऋतूत घरात भरलेले तळे मांडायचे, यामागे हौसेबरोबर एक प्रार्थनाही असावी.

आता शेजाराकडे वळू. होळी उलटली की आपल्या भोवतालच्या घरांत गणगौरीचे दिवस येतात. उत्तरेकडील पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे त्यांचा चैत्र होळीच्या दुसऱ्या दिवशीच लागतो. आपल्या अमान्त पंचांगात तो पंधरवडा अद्याप फाल्गुन वद्याचा असतो. शुद्ध पक्षात मात्र दोन्ही पंचांगे एकत्र येतात. निमाडात टोपल्यांतून गव्हाचे जवारे पेरतात, रनुबाई आणि धणियर राजाची गाणी म्हणतात, आणि चैत्र शुद्ध तृतीयेला नदीवर अथवा तळ्यावर जाऊन गौरीला निरोप देतात.

तिथी ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या दिवशी शेजारची गौर पाण्याकडे निघते, त्याच दिवशी आपली गौर झोपाळ्यात बसते. त्यांची सासरी जाते, आपली माहेरी येते. शास्त्रार्थ पाहू गेल्यास हे दोन स्वतंत्र आचार होत, आणि एकातून दुसरा निघाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकाच गल्लीत राहणाऱ्या बायकांनी हा योग पाहिला नसेल, हे संभवत नाही. त्यांचे जवारे आणि आपले अळीव, दोन्ही उन्हाळ्यातले हिरवे अंकुरच. हळदीकुंकवाला रजपूत आणि माळवी बायका येत, कैरीच्या डाळीची कृती विचारीत, आणि जाताना आरशाच्या तळ्यापाशी थोड्या अधिक रेंगाळत. ज्या गौरीला त्यांनी तळ्यावर निरोप दिला होता, ती येथे पुन्हा तळ्याकाठी बसलेली त्यांना दिसत असेल. आपण या भूमीत सनदा आणि जहागिरींच्या जोरावर राहिलो, असे इतिहास सांगतो; टिकलो ते मात्र अशा येण्याजाण्यामुळे, असे आमचे मत आहे.

मग याची नोंद का झाली नाही? इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली, पत्रांतून वर्णिली. 'ए पॅसेज टु इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या अखेरच्या भागात ती उतरली आणि पुढे 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या पुस्तकातून देवासचे नाव जगभर गेले. तो उत्सव दरबारचा होता, पुरुषांच्या देखत होणारा होता. चैत्रगौरीची आरास माजघरात, दुपारच्या वेळी, बायकांनी बायकांसाठी मांडलेली. तेथे परका लेखक पोहोचणे शक्य नव्हते, आणि घरच्या लेखकांना तीत लिहिण्याजोगे काही दिसले नाही. बायकांच्या कलेला कान देणारे एक मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. कुमारजींनी देवासला अंथरुणावर असताना भोवतालच्या बायकांच्या तोंडची माळवी गाणी ऐकली, त्यांच्या धुना अभ्यासल्या, आणि त्यांतून रागांचे नवे दर्शन घडवले. गाण्याला असा श्रोता लाभला. आराशीला लाभला नाही.

आज बागलीसारख्या गावांतील पुष्कळ मराठी घरे इंदूर, पुणे किंवा त्याही पलीकडे गेली आहेत. हळदीकुंकू मंडळाच्या सभागृहात एका दुपारी उरकते. मखर विकत मिळते. याबद्दल कोणास दोष देण्यात अर्थ नाही. लहान जागेत पायऱ्या कोठे रचाव्या आणि नोकरी करणाऱ्या सुनेने अळीव केव्हा पेरावे? पण आरास ही वस्तू अशी आहे, की ती दुसऱ्या दिवशी मोडतेच. तिचे संग्रहालय होत नाही. ती राहते मांडणारीच्या हातात आणि पाहणारीच्या आठवणीत, आणि ते हात आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. येत्या चैत्रात घरातील वडीलधाऱ्या बाईंजवळ वही घेऊन बसावे. त्यांच्या आईच्या आराशीत काय काय होते, चैत्रांगणात कोणती चिन्हे काढीत आणि कोणत्या क्रमाने, शेजारच्या कोणकोण येत, हे विचारून लिहून घ्यावे. आणि शक्य झाल्यास, एका कोपऱ्यात का होईना, आरसा आडवा ठेवून त्यांच्याकडूनच एकदा तळे मांडून घ्यावे.