एकच आठवडा, एकच संस्था, दोन निकाल : सुएझ आणि हंगेरी, १९५६



पीएच.डी.साठी आंतरराष्ट्रीय संस्थांवर काम करतो असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "युनो काय कामाची? युद्धं थांबतात का तिच्यामुळे?" पहिल्या वर्षी मला हा प्रश्न फार सोपा वाटायचा. एम.एस्सी. करून आलेला माणूस मी. युद्धांची यादी करायची, कुठे थांबलं, कुठे नाही ते मांडायचं, टक्केवारी काढायची, झालं! सिनॉप्सिसचा पहिला मसुदा असाच लिहिला होता. गाइडनी तो परत दिला आणि समासात एकच ओळ लिहिली होती : "थांबलं म्हणजे कोणी थांबवलं?"

या एका ओळीने माझे सहा महिने खाल्ले. पण त्यातूनच १९५६ची गोष्ट सापडली. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी ती एकदा तरी नीट बघावी असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

काय घडलं?

२६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्तपणे बेत ठरवला आणि २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईत सैन्य घुसवलं. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा ठराव आला; ब्रिटन आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरून तो पाडला. ब्रिटनने हा अधिकार वापरण्याची ही पहिलीच वेळ होती.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण १९५०मध्ये, कोरियन युद्धाच्या वेळी, 'शांततेसाठी एकजूट' नावाचा ठराव झाला होता. सुरक्षा परिषद नकाराधिकारामुळे अडली, तर विषय आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनात नेता येतो, अशी ती तरतूद. मुळात ही वाट पाश्चात्त्य देशांनी सोव्हिएत नकाराधिकाराला वळसा घालायला काढलेली. सहा वर्षांनी तीच ब्रिटन-फ्रान्सवर उलटली, आणि ती उलटवताना सोव्हिएत संघाने बाजूने मत दिलं! संस्थेचे नियम कोणी बनवले यावरून ते पुढे कोणाला लागू होतील हे सांगता येत नाही, हे इथे लक्षात ठेवा.

२ नोव्हेंबरला आमसभेने ६४ विरुद्ध ५ मतांनी युद्धबंदीची मागणी केली. कॅनडाचे लेस्टर पिअरसन यांनी शांतिसेनेची कल्पना मांडली, आणि सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या कार्यालयाने काही दिवसांत तिचा आराखडा उभा केला. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून युद्धबंदी झाली, १५ नोव्हेंबरला पहिले सैनिक इजिप्तमध्ये उतरले. या सेनेत दहा देशांचे सैनिक होते आणि त्यात भारतही होता. हे सैनिक दुरून ओळखू यावेत म्हणून हेल्मेटच्या आतल्या टोप्या घाईघाईने निळ्या रंगवल्या गेल्या. डिसेंबरअखेर ब्रिटिश-फ्रेंच सैन्य गेलं, मार्च १९५७पर्यंत इस्रायलही मागे हटला.

आणि त्याच आठवड्यात...

२३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव सुरू झाला होता. १ नोव्हेंबरला पंतप्रधान इम्रे नॉज यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार पडला. मग तीच १९५०ची वाट, तीच आमसभा, तसंच तातडीचं अधिवेशन. सैन्य मागे घ्या असा ठराव ५० विरुद्ध ८ मतांनी मंजूरही झाला. १५ देश तटस्थ राहिले, त्यात आपण होतो. सुएझवर ठामपणे बोलणारा भारत इथे कचरला, हेही नोंदवायला हवं. रणगाडे हलले नाहीत. नॉज यांना १९५८मध्ये फाशी दिली गेली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ही रचना! संस्था एक, नियम एक, आठवडा एक. निकाल मात्र उलटे. म्हणजे फरक संस्थेच्या बाहेर असणार.

तो फरक काय होता? सुएझमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही आक्रमणाच्या विरोधात होते. पौंड घसरत होता, ब्रिटनची परकीय गंगाजळी आटत होती, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मिळू शकणारा पैसा अमेरिकेने अडवून धरला होता. हंगेरीत आक्रमक स्वतःच महासत्ता होता आणि त्याच्यावर असा दट्ट्या कोणाकडेच नव्हता.

मी आनंदाने लिहून टाकलं : "युद्ध महासत्ता थांबवतात, संस्था नावापुरती." मसुदा पुन्हा परत आला!

माझ्या तीन चुका

पहिली : दाब असला तरी मागे हटणाऱ्याला वाट लागते. हरलो असं न म्हणता ब्रिटन-फ्रान्सला "आता संयुक्त राष्ट्रांचं सैन्य जबाबदारी घेतंय" असं म्हणता आलं. ती वाट संस्थेने तयार केली. नुसत्या डॉलरने ती झाली नसती.

दुसरी : मी या दोन घटना स्वतंत्र धरल्या. दोन परीक्षानळ्या शेजारी ठेवाव्यात तशा. पण सुएझमुळे जगाचं लक्ष आणि पाश्चात्त्य देशांची नैतिक ताकद दोन्ही विभागली गेली. एका नळीतलं द्रावण दुसरीत सांडलेलं होतं. इतिहासात स्वच्छ 'कंट्रोल' जवळजवळ मिळत नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली : मी 'यश' फक्त रणगाड्यांवरून मोजलं. हंगेरीतून सुमारे दोन लाख माणसं ऑस्ट्रिया आणि युगोस्लाव्हियात पळून गेली. त्यांना इतर देशांत वसवण्याच्या कामात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा मोठा वाटा होता. माझ्या तक्त्यात हंगेरीपुढे शून्य होतं. त्या शून्यात दोन लाख माणसं बसत नव्हती.

पुढे काय झालं?

सुएझलाही सरळ 'यश' म्हणता येत नाही. ती शांतिसेना इजिप्तच्या संमतीने इजिप्तच्याच बाजूला उभी होती. इस्रायलने तिला आपल्या बाजूला येऊ दिलं नाही. दहा वर्षं ती सीमा बऱ्यापैकी शांत राहिली. मे १९६७मध्ये नासर यांनी संमती काढून घेतली, सरचिटणीस उ थांट यांनी सेना मागे घेण्याचा आदेश दिला. सेनेचे प्रमुख होते भारताचे इंदरजित रिखी. माघार पूर्ण होण्याआधीच ५ जूनला युद्ध पेटलं आणि गाझात आपले काही भारतीय जवान मारले गेले.

मग १९५६चा निकाल काय लिहायचा? युद्ध थांबलं की पुढे ढकललं गेलं? माझं आजचं उत्तर : संस्थेने दहा वर्षं मिळवून दिली, त्या वर्षांचा उपयोग करणं राजकारणाचं काम होतं आणि ते झालं नाही.

तुम्ही विषय निवडताय, तर एवढं करा. 'अमुक संस्थेची भूमिका' असं शीर्षक लिहिण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा : यश कशावरून मोजणार, किती काळापर्यंत मोजणार, आणि संस्था नसती तर काय झालं असतं. तिसऱ्याचं उत्तर पक्कं कधीच मिळत नाही. पण ते शोधल्याशिवाय लिहिलेला प्रबंध म्हणजे माझा पहिला मसुदा. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, समासातल्या त्या ओळीसकट.