सिडिया
सिडिया : आयफोनसाठीचे एक स्वतंत्र ॲप-भांडार. जे फ्रीमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ते फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे ॲपल कंपनीच्या अधिकृत भांडारापूर्वी (जुलै २००८), उपलब्ध केले. फोनवरील उत्पादकाचे निर्बंध मोडल्यावरच, म्हणजे ‘जेलब्रेक’ केल्यावरच, ते चालत असे. त्यासाठी प्रणालीतील सुरक्षाविषयक त्रुटींचा उपयोग करीत. ॲपल नव्या आवृत्तीत त्या बुजवी व नवी त्रुटी सापडेपर्यंत नव्या ग्राहकांना सिडिया वापरता येत नसे. २००९ मध्ये सशुल्क विक्री सुरू झाली. जुलै २०१० मध्ये अमेरिकेत स्वामित्वहक्क कायद्यातून जेलब्रेकला सूट मिळाली. तथापि त्रुटी बुजविण्यास ॲपलला आडकाठी नव्हती. पुढे सिडियामुळे लोकप्रिय झालेल्या अनेक सोयी आयफोनमध्ये मूळच्याच येऊ लागल्या. त्यामुळे जेलब्रेकची निकड व भांडाराचे उत्पन्न घटले, देखभालीचा खर्च मात्र कायम राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये विक्री बंद करण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये सिडियाने ॲपलविरुद्ध मक्तेदारीविषयक दावा दाखल केला.

मार्च २०२४ मध्ये यूरोपीय संघातील कायद्यान्वये ॲपलला पर्यायी भांडारांना वाट द्यावी लागली. मात्र अशा भांडाराच्या प्रत्येक वार्षिक प्रथम-स्थापनेमागे ०·५० यूरो शुल्क तिने ठरविले. परवानगीचा प्रश्न सुटला, तरी प्रतिस्पर्ध्याच्याच प्रणालीवर व्यवसाय चालविण्याची मूळ अडचण तशीच राहिली.