चित्र दिलं, काम झालं?

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. अक्षरं दिसावीत म्हणून दोन बोटांनी पान मोठं करावं लागत नाहीये, ओळ संपवायला ते आडवं सरकवावं लागत नाहीये. हे आता इतकं साधं वाटतं, की त्यालाही काही इतिहास असेल असं मनात येत नाही. पण तो आहे, आणि तो नुसता तंत्रज्ञानाचा नाही. पान चितारणारे डिझायनर एका कंपनीत, ते कोडमध्ये उतरवणारे डेव्हलपर दुसऱ्या कंपनीत, आणि पैसे देणारा तिसराच. ही माणसं एका टेबलाशी कशी बसायला लागली, त्याचा हा इतिहास आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चार वर्षांच्या डिग्रीत अल्गोरिदम शिकलो, डेटाबेस शिकलो. बाहेरच्या डिझाइन फर्मकडून आलेल्या चित्राचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. नोकरीत मात्र आठवड्यातले निम्मे वाद त्यावरूनच होतात. म्हणून हे मागचं खणून पाहावंसं वाटलं.

वेब सुरू झालं तेव्हा पानाला ठरावीक रुंदी नव्हती. खिडकी लहान केली की मजकूर मावेल तसा वाहायचा. डिझायनर मात्र मासिकं, जाहिराती आणि ब्रोशरच्या जगातून आले होते. तिथे कागदाचं माप आधी ठरतं, मग बाकी सगळं. १९९६ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकन डिझायनरचं ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ हे पुस्तक आलं आणि गाजलं. न दिसणाऱ्या तक्त्यांमध्ये पान बसवायचं, आणि मोकळी जागा हवी तिथे एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून ठेवायचं, अशा युक्त्या त्यात होत्या. खरा उपाय तयार होत होता. होकोन व्हिउम ली यांनी सर्नमध्ये असताना ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला होता, आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीरही झाली. पण ब्राउझरांना ती नीट जमायला आणखी काही वर्षं गेली. तोवर तक्त्यांवर भागलं. पुढे १९९७ मध्ये खुद्द सीगलनेच लेख लिहून कबूल केलं, की वेब बिघडवण्यात आपला हात आहे.

त्या युक्त्यांपेक्षा जास्त टिकला तो त्यांच्याभोवती उभा राहिलेला व्यवहार. डिझाइन फर्मने फोटोशॉपमध्ये चित्र करायचं, क्लायंटने त्याला होकार द्यायचा, फर्मने बिल लावायचं. मग ती फाइल डेव्हलपरकडे जायची आणि तो तिचे तुकडे पाडायचा. १९९९ च्या फोटोशॉप ५.५ सोबत इमेजरेडी हे सॉफ्टवेअर मिळायला लागलं, त्यात हे तुकडे पाडायची सोय होती. ‘पीएसडी टू एचटीएमएल’ हे आपल्याकडच्या कितीतरी छोट्या कंपन्यांचं पोटापाण्याचं काम होतं. फाइल परदेशातून यायची, चितारणाऱ्याशी बोलणं व्हायचंच असं नाही. कसोटी एकच: पिक्सेल परफेक्ट.

अडचण अशी, की चित्रात एकच अवस्था असते. नाव लांबलं तर? फोटोच नसेल तर? नेट गेलं तर? हे चित्रात नसतं. ते डेव्हलपर ठरवतो, बहुतेक वेळा डेडलाइनच्या आदल्या रात्री, एकटा. तोवर डिझायनरचं बिल निघालेलं असतं.

जॉन ऑलसॉप यांनी एप्रिल २००० मध्येच ‘अ लिस्ट अपार्ट’मध्ये लिहिलं होतं, की कागदासारखा ताबा वेबवर मिळत नाही हा दोष नसून वेबचं बलस्थान आहे. लेख वाचला गेला, पण व्यवहार बदलला नाही. २००७ मध्ये ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्याचा आयफोन आला, तेव्हा बहुतेकांनी मोबाइलसाठी वेगळी, कापलेली साइट करून वेळ मारून नेली. म्हणजे आता दोन चित्रं आणि दोन बिलं.

२५ मे २०१० रोजी त्याच नियतकालिकात ईथन मार्कॉट यांचा लेख आला: रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन. एकच पान, लवचीक मापांचं, पडद्याप्रमाणे मांडणी बदलणारं. कल्पना चांगली होती, पण मोठ्या साइटवर चालेल का? ते दाखवलं १८७२ पासून निघणाऱ्या बॉस्टन ग्लोब या दैनिकाने. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांची नवी साइट सुरू झाली. त्यामागे ग्लोबची स्वतःची टीम होतीच, शिवाय अपस्टेटमेंट ही डिझाइन फर्म, फिलामेंट ग्रुप आणि स्वतः मार्कॉटही होते.

इथे जुना व्यवहार चालणंच शक्य नव्हतं. प्रत्येक पानाची प्रत्येक रुंदीची चित्रं काढायला बसलं तर प्रोजेक्ट संपणार नाही. त्यामुळे चित्र ही सुरुवात ठरली. डेव्हलपरांनी त्यावरून चालतं पान बनवायचं, ते वेगवेगळ्या फोनांवर सगळ्यांनी मिळून बघायचं, डिझायनरने तिथेच बदल सुचवायचे आणि पुन्हा फेरी. मार्कॉट यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात अशाच पद्धतीची बाजू मांडली आहे. चित्राबाहेरचे निर्णय आता दोघांचे झाले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फोनला लहान आणि मोठ्या पडद्याला मोठा फोटो पाठवायची त्यांनी शोधलेली युक्ती नव्या ब्राउझरांमध्ये फसली, कारण ब्राउझर वेग वाढवण्यासाठी स्क्रिप्ट चालायच्या आधीच फोटो उतरवायला लागले. पण त्या फसलेल्या युक्तीचे धागे धरून फिलामेंटमधले मॅट मार्क्विस आणि इतर डेव्हलपर ब्राउझर कंपन्यांच्या मागे लागले. योआव वाइस यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करून क्रोमसाठी तो कोड लिहिला, आणि २०१४ मध्ये ‘पिक्चर’ हा नवा टॅग क्रोममध्ये आला. आज कमी डेटाच्या पॅकवर तुमच्या फोनला भलामोठा फोटो ओढावा लागत नसेल, तर त्यात या खटपटीचा वाटा आहे.

आता फोटोशॉपची जागा फिग्माने घेतली. लिंक उघडली की मापं, रंग, सगळं समोर. २०२३ मध्ये त्यात डेव्हलपरांसाठी वेगळा ‘डेव्ह मोड’ही आला. सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे जुनी सवय परत येतेय: लिंक पाठवली, काम झालं.

मराठीत याची किंमत लगेच दिसते. एका ॲपचं डिझाइन आम्हाला बाहेरच्या फर्मकडून आलं, सगळा मजकूर इंग्रजीत. ‘रिन्यू’साठी काढलेल्या बटणात ‘सदस्यत्वाचं नूतनीकरण’ मावेना. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने, त्यामुळे वरचे रफार आणि खालचे उकार कापले जायला लागले. मथळ्याच्या अक्षरांत ऐटीसाठी मोकळी जागा सोडली होती. देवनागरीत तिने शिरोरेषाच तुटली. विचारायला फोन केला, तर फर्मचं कंत्राट संपलेलं. ज्या शेतकऱ्याला किंवा आजीला ते तुटकं बटण दिसणार होतं, त्यांच्या वतीने बोलायला मीटिंगमध्ये कुणी नव्हतं.

त्यात डिझायनर वाईट होते असं मला वाटत नाही. चित्र मंजूर होताच त्यांचं काम संपेल, असं कंत्राटातच लिहिलं होतं. म्हणून हल्ली नव्या कामाच्या पहिल्या कॉलवर मी दोन गोष्टी मागतो. पहिल्या चित्रापासून खरा मराठी मजकूर, आणि साइट सुरू झाल्यावरही महिनाभर डिझायनरचे काही तास. पहिली लगेच मिळते. दुसरीला पैसे लागतात, त्यामुळे त्यावर घासाघीस होते. कधी मिळते, कधी नाही.