पेढीची गादी आणि रिझर्व्ह बँकेची मान्यता

आमच्या वैजापूर तालुक्यात सावकारी पेढीचा वारसा पूर्वी कसा चाले, हे तरुण ज्ञातिबांधवांस ठाऊक असण्याचा संभव कमी. वडील निवर्तले की थोरला मुलगा गादीवर बसे; भाऊ विभक्त झाले तर पंचांसमक्ष वाटणी होई. ठेव ठेवणाऱ्यास मात्र कोणी विचारीत नसे.

पेढीत पैसा बहुधा घरचा असे. बँकेत तो परक्यांचा असतो. म्हणूनच मालकीच्या बदलावर कायद्याने देखरेख ठेवली. १९४९ च्या बँकिंग कायद्यातील ४४-अ कलमानुसार दोन बँका एकत्र होण्यास सभेतील भागधारकांचे मूल्याने दोन-तृतीयांश मताधिक्य लागते. त्यावर रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते. विरोधी मत नोंदविणाऱ्या भागधारकास रिझर्व्ह बँक ठरवील ते मूल्य मिळण्याचा हक्क आहे.

याचे उत्तम उदाहरण सांगली बँकेचे. १९१६ साली स्थापन झालेल्या या बँकेचे सुमारे तीस टक्के भाग एकाच कुटुंबाकडे होते. तथापि केवळ त्या कुटुंबाच्या संमतीने व्यवहार पुरा झाला नाही. दोन्ही बँकांच्या भागधारकांची संमती व रिझर्व्ह बँकेची मान्यता मिळाल्यावरच १९ एप्रिल २००७ रोजी ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. उलट साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेची स्थिती ढासळल्याने सप्टेंबर २००६ मध्ये तिच्यावर स्थगिती आली, आणि पुढील महिन्यात सरकारी योजनेने ती आयडीबीआयमध्ये गेली. तेथे भागधारकांच्या मतास वावच उरला नाही. वेळीच ठरविणे आणि वेळ टळून जाणे, यांतील अंतर ते हेच.

पुढे २०१२ च्या दुरुस्तीने बँकेचे पाच टक्के वा अधिक भाग घेण्यास पूर्वमान्यता आवश्यक ठरली. कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांसाठी २०१५ साली नियम झाला, की सव्वीस टक्के वा अधिक भागांची मालकी बदलावयाची असल्यास, अथवा स्वतंत्र संचालक वगळून तीस टक्क्यांहून अधिक संचालक बदलावयाचे असल्यास, आधी रिझर्व्ह बँकेची लेखी परवानगी घ्यावी. मालकी वा नियंत्रण बदलण्यापूर्वी किमान तीस दिवस जाहीर सूचना देणेही आवश्यक आहे. व्यवहार एकाच समूहातील असला तरी सुटका नाही.

कित्येकांस ही कटकट वाटते. परंतु विधवेची पुंजी व शेतकऱ्याची बचत ज्या तिजोरीत आहे, तिची किल्ली कोणाच्या हाती जाते, हे पाहणारा कोणी असावा, हे न्याय्यच आहे. आमच्या कुटुंबांनी वाटणीचा कागद करण्यापूर्वी परवानगीचा अर्ज करावा, एवढेच आमचे सांगणे.