बाळुतं सुटण्याचं वय

मुलानं बाळुतं कधी सोडावं हे त्याच्या शरीरावर ठरतं, असं आपण धरून चालतो. गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर ते बाळुती धुणाऱ्या बाईच्या हातांवर जास्त ठरत आलेलं दिसतं.

१९१४ साली अमेरिकी सरकारच्या चिल्ड्रन्स ब्युरोनं ‘इन्फंट केअर’ नावाची पुस्तिका काढली. लिहिणारी मिसेस मॅक्स वेस्ट. तिचा सल्ला असा, की तिसऱ्या महिन्यापासून, जमलं तर त्याआधीही, बाळाला भांड्यावर धरायला लागा. कारणही तिनं आडपडदा न ठेवता दिलं : बाळुत्यांची गरज लवकरात लवकर संपावी म्हणून. मुलाचं स्वावलंबन, मनोविकास वगैरे काही नाही. मात्र हे सगळं हळुवारपणे करा, रागावलात तर मूल नुसतं घाबरेल, हेही तिनं बजावलं होतं. पुढच्या आवृत्त्यांतून हा हळुवारपणा आटला. १९३० च्या दशकात तीच पुस्तिका सांगू लागली, की रोज ठरल्या वेळी बसवा, पाच मिनिटंही इकडेतिकडे नकोत. ज्याला अजून धड बसता येत नाही त्याच्याकडून वक्तशीरपणाची अपेक्षा!

बसवायचं साधन मात्र फार जुनं आहे. अथेन्सच्या अगोरात उत्खननात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं मातीचं बाळासन सापडलं. खाली पोकळ बूड, वर वाडग्यासारखी बैठक, पाय बाहेर काढायला पुढे भोक. ते तिथल्या संग्रहालयात आहे, आणि अशा आसनात बसलेलं मूल ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांतही दिसतं.

आपल्याकडे आसन घडवावंच लागलं नाही. घरातली बाई जमिनीवर बसायची, दोन्ही पावलं जवळ आणून मध्ये फट ठेवायची आणि बाळाला त्या पावलांवर टेकवायची. बाळाचं तोंड तिच्याकडे, खाली फडकं नाहीतर कागद, आणि तोंडानं ‘शूऽऽ’. मान सावरली की हे सुरू. एरवी कमरेला जुन्या नऊवारीचा किंवा धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला लंगोट. तो ओला झाला की लपत नाही. बाळ कुरकुरतं आणि ज्याच्या मांडीवर ते असेल त्याचे कपडेही भिजतात.

हे फक्त आपल्याकडेच, असं समजायचं कारण नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांमध्येही आई पाय लांब करून बसते, बाळाला पायांच्या मध्ये धरते आणि तोंडानं जवळजवळ तोच आवाज काढते. शीसाठी बाळ पायांवर, आईकडे तोंड करून. द व्रीस आडनावाच्या दोघा संशोधकांनी १९७७ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात याचं वर्णन छापलं. पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात होते आणि पाच-सहा महिन्यांत मूल बऱ्यापैकी कोरडं राहू लागतं, असं त्यांनी नोंदवलं.

म्हणजे सुती कापडच मुलाला शिकवतं? तसं म्हणायचा मोह होतो, पण बोस्टनजवळच्या केंब्रिजमधले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांचे आकडे आडवे येतात. त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी १९६२ साली प्रसिद्ध केल्या. त्या वर्षांत वापरून फेकायचं डायपर अमेरिकेतही क्वचितच दिसायचं. बहुतेक मुलं कापडातलीच. तरीही दिवसा कोरडं राहायचं त्यांचं सरासरी वय होतं साडेअठ्ठावीस महिने. कारण दीड वर्षाच्या आधी घाई करू नका, मूल तयार दिसलं की मगच सुरू करा, असं ब्रेझल्टनच आयांना सांगत होते. बळजबरीनं मुलांचं नुकसान होतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि ते म्हणणं आजही खोटं नाही. पण त्या आयांना थांबणं परवडत होतं, हेही खरं. घरात धुलाईयंत्र आलं होतं आणि दारावरून बाळुती नेऊन धुऊन आणणाऱ्या लाँड्र्या होत्या. ओलं कापड बातमी देतं. ती ऐकायची निकड असलेलं माणूस घरात लागतं.

पुढे बातमीच बंद झाली. १९६१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं पॅम्पर्स बाजारात आणलं. १९८० च्या दशकात डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारी जेलची पूड आली आणि ओलेपणा मुलाच्या कातडीपर्यंत पोचेना. २००२ साली छापलेल्या एका अमेरिकी पाहणीत मुली साडेबत्तीस आणि मुलगे पस्तीस महिन्यांचे झाल्यावर दिवसा कोरडे राहत होते. ब्रेझल्टन स्वतः पुढे पॅम्पर्सच्या जाहिरातीत झळकले आणि त्यावर टीकाही झाली. माझ्या मते ती रास्त होती, त्यांचा मूळ अभ्यास कितीही प्रामाणिक असला तरी.

आता आपल्या शहरांतून कापडी डायपर परत आलं आहे, बटणांचं, रंगीत, छापील. पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत आतून फ्लीसचं अस्तर असतं. ते ओल खालच्या घडीत सोडतं आणि स्वतः कोरडं राहतं. रात्रीच्या झोपेला ते उत्तम. शिकवणीच्या कामी ते कापड असून नसल्यासारखं. तेव्हा मूल चालायला लागलं असेल आणि त्याला भांड्यावर बसवायचं मनात असेल, तर दिवसा ते अस्तर बाजूला ठेवा. साधी सुती घडी किंवा जुना लंगोट बांधा, झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर मुलाला बसवून पाहा, आणि ओलं झालं की लगेच बदला.